ओल्या कपाची पिशवी

«सिस्टर, नमस्कार. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. सासूबाईंचं वय ६८. निफाडकडे आमच्या गावी त्यांनी चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. तीन वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा धाप लागणारा जुनाट आजार, सांगितला. तेव्हापासून दिवसातून तीनदा मशीनची (नेब्युलायझरची) वाफ चालू आहे, त्यातल्या दोन वेळा बुडेसोनाइड हे सुजेवरचं औषधही असतं. प्रत्येक वेळी मी औषधाचा कप नळाखाली धरते, झटकते आणि मास्क-नळीसकट मशीनच्या पिशवीत घालून चेन लावते, धूळ बसू नये म्हणून. दिवाळीपासून दोनदा त्यांना ॲडमिट करावं लागलं, दोन्ही वेळा इन्फेक्शन. परवा नळीत काळे ठिपके दिसले, मास्कलाही कुबट वास येतोय. नणंदबाईंनी व्हॉट्सॲपवर व्हिनेगरचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, 'एवढं तरी कर.' शेजारच्या काकू डेटॉल वापर म्हणतात. सासूबाई म्हणतात, औषधाचाच कप आहे, त्यात कसले आलेत जंतू? माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, खोकला झाला की त्यालाही आम्ही हाच मास्क लावतो. साफ नक्की करायचं कसं? आणि खरं सांगा, त्या माझ्यामुळे आजारी पडल्या का? – एक सून»

ताई,

पत्र बाजूला ठेवा आणि आधी ती नळी कचऱ्यात टाका. मास्क आणि कपही. धुऊन बघू, उकळून बघू असं करत बसू नका. नळीच्या आत बोट पोचत नाही, ब्रश पोचत नाही. एकदा आत बुरशी धरली की ती गेली की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. डोस मात्र चुकवायचा नाही, तेव्हा पुढच्या डोसच्या आत घरातल्या कुणाला तरी मेडिकलमध्ये पिटाळा. कप, मास्क आणि नळी असा सुटा सेट मिळतो, दुकानदार त्याला 'नेब्युलायझर किट' म्हणतात. मशीनचं मॉडेल सांगून घ्या, म्हणजे नळीचं टोक नीट बसेल. मशीन नवीन घ्यायची गरज नाही. मोठ्यांच्या मापाचे दोन सेट आणा आणि लहान मुलाच्या मापाचा एक.

दोन कशाला, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात निरागस वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. पिशवीत घालून चेन लावते, धूळ बसू नये म्हणून. अहो, डबा घासल्यावर आपण तो ओला असताना झाकण लावतो का? पुसून, उन्हात पालथा घालून, कोरडा ठणठणीत झाल्यावरच त्यात डाळ भरतो, कारण ओल राहिली तर डाळीला जाळी धरेल हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. नेब्युलायझरच्या कपाचं मात्र कुणी शिकवलं नाही. दुकानदाराने मशीन चालू-बंद करून दाखवलं, पिशवीत घालून दिलं, आणि आपल्याला वाटलं की ती पिशवीच त्याची जागा. ती पिशवी प्रवासासाठी असते. रोजच्या तीन वेळांमध्ये ओला कप त्यात कोंडला तर आत जे होतं तेच तुम्हाला नळीत दिसलं.

माठाच्या आतून कधी बोट फिरवलंय? चार दिवस न घासलेल्या माठाला आतून जो बुळबुळीत थर येतो, तसाच थर प्लॅस्टिकवरही धरतो, फक्त इतका पातळ की दिसत नाही. तो जंतूंनीच स्वतःभोवती विणलेला असतो. नुसत्या पाण्याच्या धारेने तो निघत नाही, म्हणून नळाखाली धरून झटकणं पुरत नाही. तुम्ही आळस केला असं मी म्हणत नाही. दिवसातून तीन वेळा न चुकता तुम्ही काहीतरी करत होतात, फक्त ते पुरेसं नव्हतं.

आता सासूबाईंचा प्रश्न, कारण तो अगदीच काही चुकीचा नाही. औषधाची ती छोटी प्लॅस्टिकची कुपी बंद असते तोवर आतलं औषध निर्जंतुकच असतं. पण कुपी फोडली, औषध कपात ओतलं की ते उघड्यावर आलं. वाफ संपल्यावरही कपाच्या तळाशी, कडांना थोडं औषध उरतंच. त्यात तोंडातली लाळ येते, मास्कमध्ये खोकल्याचे तुषार येतात, वरून नळाचं पाणी. एवढं झाल्यावर तो नुसता औषधाचा कप राहत नाही. उरलेल्या औषधात पुढचा डोस ओतायचा नाही आणि अर्धी वापरलेली कुपी चिमट्याने बंद करून संध्याकाळसाठी ठेवायची नाही. (हे तुम्ही करता असं लिहिलेलं नाही, पण महाग औषध वाया जाऊ नये म्हणून हे करणारी घरं मी पाहिली आहेत.)

शिवाय हे ताटातलं अन्न नव्हे. अन्नातून जंतू गेले तर वाटेत पोटातलं आम्ल असतं. हवेतून गेले तर नाकातले केस असतात, चिकट पडदा असतो, घसा असतो, खोकला असतो. नेब्युलायझर औषधाचे साधारण एक ते पाच मायक्रॉनचे थेंब करतो, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा किती तरी बारीक. इतके बारीक कशासाठी, तर नाक-घशात न अडकता ते थेट खोल श्वासनलिकांत उतरावेत. औषधाच्या बाबतीत हीच मशीनची करामत. पण कपात स्यूडोमोनास नावाचा जंतू बसला असेल तर तोही याच थेंबांवर स्वार होऊन खाली जातो. हा जंतू ओलीवर जगतो. सिंक, मोरीचा पाइप, नळाचं तोंड या त्याच्या आवडत्या जागा. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही, पण आधीच झिजलेल्या फुप्फुसात शिरला की लवकर हलत नाही.

आता धुण्याकडे येते. मुख्य गोष्ट म्हणजे कप पूर्ण उघडायचा. वरचं झाकण, खालची वाटी, आणि दोहोंच्या मध्ये, हवेच्या छिद्रावर बसणारी एक चिमुकली टोपी. ती टोपी निघते हेच निम्म्या घरांना ठाऊक नसतं. बुडेसोनाइड हे पाण्यात विरघळलेलं औषध नव्हे, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. म्हणून कुपी फोडण्याआधी हलक्या हाताने हलवायची. हेच कण त्या टोपीखाली पांढरा लेप धरतात आणि छिद्र चोंदतं. एके काळी आठ-दहा मिनिटांत संपणाऱ्या वाफेला आता वीस मिनिटं लागत असतील तर आधी तिथे बघा. मात्र टाचणी, सेफ्टी पिन, सुई काहीही त्या छिद्रात घालू नका. छिद्र मोठं झालं की थेंब मोठे पडतात आणि औषध घशातच बसतं. टोपी हरवली तर वाफच होत नाही. माझ्या आईची टोपी एकदा मोरीच्या जाळीत सापडली होती, तेव्हापासून मी सगळे भाग चहाच्या मोठ्या गाळण्यात ठेवून धुवायला लागले.

वाफ संपली की लगेच, औषध वाळायच्या आत धुवा. आधी स्वतःचे हात. सिंकमध्ये कप ठेवायचा नाही, एक वेगळा वाडगा ठेवा. त्यात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. त्यात सगळे भाग बुडवून बोटांनी आणि मऊ टूथब्रशने चोळा (अर्थात त्याच कामाला ठेवलेल्या). हिरव्या घासणीने घासू नका, प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्याच ओरखड्यांत बसते. मास्कही याच पाण्यात धुवा. मग नळाच्या पाण्याने साबण काढा आणि शेवटचं विसळणं उकळून गार केलेल्या पाण्याने. रोज सकाळी चहाच्या आधी तांब्याभर पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून झाकून ठेवा, दिवसभराला पुरतं. दुसऱ्या दिवशी नवीन.

इथे बरेच जण विचारतात, आमच्याकडे आरओचं पाणी आहे, ते चालेल ना? विसळायला चालेल असं वाटतं खरं, पण आरओ यंत्राची टाकी आणि नळ आपल्याच स्वयंपाकघरात असतात आणि तिथेही थर धरतो. गंगापूर धरणाचं पाणी महापालिका शुद्ध करून देते आणि ते पिण्यासाठी असतं. पिण्याजोगं आणि निर्जंतुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच कारणाने कपात औषध पातळ करायला नळाचं, आरओचं किंवा घरी मीठ घालून केलेलं पाणी कधीही घालू नका. डॉक्टरांनी सलाइन घालायला सांगितलं असेल तर मेडिकलमधलं सीलबंद नॉर्मल सलाइन, तेही छोट्या कुपीतलं. मोठी बाटली टोचून आठवडाभर वापरायची पद्धत सोडा.

नळी धुवायची नाही. कप काढून ठेवा आणि नुसती नळी मशीनला लावून मशीन मिनिटभर चालू ठेवा. आत दव धरलेलं असेल तर ते उडून जातं. बाहेरून ओल्या फडक्याने पुसा. नळीत पाणी शिरलं, ढगाळ दिसली, ठिपके आले, तर बदला. स्वस्त वस्तू आहे, तिच्यावर माया करू नका.

एवढं दिवसातून तीनदा. आणि दिवसातून एकदा निर्जंतुक करणं. साबण मळ काढतो, पण उरलेले जंतू मारायला उष्णता लागते. आधी धुणं, मग उकळणं, हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण मळाखाली जंतू लपून राहतात. किटबरोबर आलेला कागद वाचा. 'उकळता येतं' असं लिहिलेलं असेल तर कपाचे सगळे भाग पाण्यात पूर्ण बुडतील असं भांडं घ्या आणि पाण्याला खळखळ उकळी आल्यापासून पाच मिनिटं मोजा. मऊ पारदर्शक मास्क आणि नळी उकळत्या पाण्यात घालायची नाही, आकार जातो. मास्क साबणाने धुवा आणि कडक झाला, पिवळा पडला की बदला. नाशिकची भांडी बाजाराची वाट तुम्हाला माहीत असेलच. तिथून एक लहान स्टीलचं पातेलं झाकणासकट आणा आणि त्यात दुसरं काहीही शिजवू नका. दूधही नाही.

आता माझी फजिती ऐका. आई पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात राहायची, तिला ब्राँकिएक्टेसिस होता, म्हणजे श्वासनलिका सैल पडून त्यांत कफ साठण्याचा आजार. एका रात्री कप उकळायला ठेवला आणि बहिणीचा फोन आला. बहिणीचा फोन म्हणजे पाऊण तास. पाणी आटलं, कप पातेल्याला चिकटून बसला आणि जळक्या प्लॅस्टिकचा धूर थेट आईच्या खोलीत गेला. ३१ वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी! रात्री अकराला आईला उचलून बाहेर अंगणाच्या ओट्यावर बसवलं, खिडक्या उघडल्या, आणि ती धापा टाकत मला म्हणाली, "मला बरं करतेस की मारतेस?" तेव्हापासून मी हे काम विरजण लावायच्या वेळेला बांधलं. दूध कोमट होईपर्यंत तसंही गॅसपाशी उभं राहावं लागतं. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावते आणि फोन उचलत नाही.

तुमच्या माळ्यावर मुलाच्या दुधाच्या बाटल्यांचं विजेवरचं वाफेचं स्टरिलायझर पडलेलं असेल तर ते उतरवा. उकळता येणाऱ्या कपासाठी ते उत्तम आणि विसरलात तरी आपोआप बंद होतं.

किट उकळण्याजोगं नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येतं, पण त्याच्या कागदात तसं चालतं असं असेल तरच. ते तीन टक्के तीव्रतेचं लागतं, त्यात अर्धा तास बुडवायचं. दुकानात सहा टक्क्यांची बाटलीही मिळते. बाटलीवर टक्का वाचा, सहाचं असेल तर तेवढंच उकळून गार केलेलं पाणी मिसळा. नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने नीट विसळा. मला विचाराल तर त्यापेक्षा उकळता येणारं किट विकत घ्या आणि मोकळ्या व्हा.

व्हिनेगरबद्दल नणंदबाईंना खोटं पाडायची गरज नाही. परदेशातल्या कित्येक माहितीपत्रकांत अजूनही एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी असं लिहिलेलं सापडतं. पण व्हिनेगर सगळे जंतू मारत नाही. अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुप्फुसांत घट्ट कफ साठण्याच्या जन्मजात आजाराच्या) रुग्णांसाठी जी संसर्ग टाळण्याची नियमावली आहे, तिच्यात व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही नकोत असं म्हटलं आहे, उकळणं ठेवलं आहे. त्या रुग्णांची फुप्फुसं सगळ्यात नाजूक, म्हणून मी त्यांचा नियम धरते. डेटॉलला तर सरळ नाही म्हणा. ते जमिनीसाठी, जखमेभोवतीच्या कातडीसाठी. त्याचा अंश कपात राहिला तर त्याच मशीनने तो छातीत जाणार, आणि दम्याच्या माणसाला नुसत्या वासानेही ठसका लागतो.

आता वाळवणं, तुमच्या घरातली खरी अडचण. थंडीत निफाडचा घसरलेला पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तेव्हा इंदिरानगरलाही सकाळचा धुतलेला रुमाल दुपारपर्यंत दमट राहतो. श्रावणात तर विचारूच नका. एकच कप असेल तर दुपारच्या डोसपर्यंत तो वाळतच नाही, आणि मग आपण पदराने पुसतो. म्हणून दोन सेट. सकाळी पहिला, दुपारी दुसरा, संध्याकाळी परत पहिला. तोवर त्याला दहा-बारा तास मिळालेले असतात. रात्री दोन्ही कप एकदम उकळा.

भाग झटकून स्वच्छ, धुतलेल्या सुती पंचावर सुटे सुटे मांडा. पुसू नका, हवेवर वाळू द्या. वर आपण आंब्याच्या रसावर, दह्यावर घालतो ती जाळी पालथी घाला, म्हणजे धूळ, माशा, झुरळं नाहीत आणि हवा खेळती राहते. पंचा रोजचा रोज धुवायला टाका. स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब, कोरड्या कपाटावर जागा करा. गच्चीत किंवा बाल्कनीत उन्हाला ठेवायचा मोह होईल, पण नको. प्लॅस्टिक कडक होतं हे एक, आणि दुसरं म्हणजे कबुतरं. बाल्कनीत कबुतरांना दाणे टाकत असाल तर तेही थांबवा. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसांना सूज आणते, त्याचा वेगळा आजारच आहे. पूर्ण वाळल्यावर झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवा. पिशवी धुऊन वाळवा आणि गावाला जाताना काढा.

मशीनकडे एकदा बघा. बाजूला एक छोटं गोल किंवा चौकोनी झाकण असतं, आत पांढरा फिल्टर. करडा दिसला तर बदला. बहुतेक फिल्टर धुवायचे नसतात. मशीन खोलीतलीच हवा ओढतं हे लक्षात ठेवा. शेजारी डासांची कॉइल, धूप, कापूर जळत असेल किंवा स्वयंपाकघरातून मिरचीच्या फोडणीचा खाट येत असेल तर तोही औषधाबरोबर आत जाणार. संध्याकाळची वाफ दिवेलागणीच्या आधी उरकून घ्या, उदबत्ती नंतर लावा. सासूबाई ऐकणार नाहीत, माझ्याही आईने ऐकलं नव्हतं. मग मी देवघरात समई चालू ठेवली आणि उदबत्ती ओटीवर नेली. मशीन गादीवर ठेवू नका, खालची हवेची भोकं बंद होऊन ते तापतं.

आणि 'मशीनची वाफ' हा आपला शब्द थोडा घात करतो. ही वाफ गरम नसते आणि तो वाफारा नव्हे. म्हणूनच कुणी तरी कपात निलगिरीचे दोन थेंब टाका, ओव्याचा अर्क टाका असं सुचवतं. तेलाचे थेंब फुप्फुसात गेले की ते तिथून निघत नाहीत, त्यातून एक प्रकारचा न्यूमोनियाही होतो. कपात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाखेरीज काही जाता कामा नये.

मुलाचा मास्क आजपासून वेगळा, कप आणि नळीही वेगळी. आजीचे जंतू नातवाला, त्याहून वाईट म्हणजे नातवाच्या शाळेतली सर्दी आजीला. सीओपीडीच्या माणसाला साध्या सर्दीनेही ॲडमिट व्हावं लागू शकतं. वॉर्डात रात्रपाळीला एका खाटेवरचा मास्क पुसून दुसऱ्या खाटेवर जाताना मी पाहिला आहे. कुठे, ते सांगत नाही. तेव्हा मी नवीन होते आणि गप्प बसले, ते अजून डोक्यातून जात नाही. आणि आणखी एक, मुलाच्या प्रत्येक खोकल्याला मशीन लागतं असं नाही. त्याला आजीचं औषध तर मुळीच नको. बालरोगतज्ज्ञांना विचारून त्यांनी लिहून दिलेलंच द्या.

बुडेसोनाइडनंतर सासूबाईंनी चूळ भरून थुंकायला हवं, कवळी असेल तर ती काढून धुवायला हवी आणि मास्क लावतात म्हणून तोंडही धुवायला हवं. नाहीतर जिभेवर पांढरे चट्टे येतात, ती बुरशी असते. दुसऱ्या औषधात इप्राट्रोपियम हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध असेल (कुपीवर वाचा) आणि त्यांना काचबिंदू असेल तर मास्कच्या वरून डोळ्यात जाणारी वाफ त्रासाची. डॉक्टरांना सांगून तोंडात धरायची नळी, माउथपीस, मिळते का बघा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो खरं तर पहिला होता.

तुमच्यामुळे आजारी पडल्या का, हे मला सांगता येणार नाही आणि तुमच्या नणंदेलाही नाही. अस्वच्छ कपामुळे इन्फेक्शन होऊ शकतं. पण दिवाळीनंतरची थंडी, फटाक्यांचा धूर, घरातली सर्दी, यातल्या कशानेही सीओपीडी भडकतो. बेडक्याची कल्चर तपासणी झाली असेल तर तिचा कागद काढा, त्यात कुठला जंतू सापडला ते लिहिलेलं असतं. झाली नसेल तर पुढच्या वेळी अँटिबायोटिक सुरू होण्याआधी बेडका तपासायला देता येईल का ते विचारा, आणि टीबीची तपासणी झाली आहे ना तेही. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यांच्या फुप्फुसांचं मूळ नुकसान तुम्ही त्या घरात जाण्याच्या किती तरी आधी, चुलीपुढे बसून झालेलं आहे. विडी-सिगारेट न ओढताही सीओपीडी कसा होतो यावर पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी डॉ. पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यात जळाऊ लाकूड, शेणी, गोवऱ्या यांच्या धुराचं नाव ठळक आहे. 'यांना कसा काय दमा, या तर कधी विडीला शिवल्या नाहीत' असं कुणी म्हणालं तर एवढं सांगा.

नणंदबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. दर महिन्याला फिल्टर आणि किट कधी बदललं याची तारीख लिहिणं, नवीन मागवणं, आणि घरी आल्या की रात्रीचं उकळणं. आईची काळजी त्यांनाही आहे, फक्त ती व्हिडिओ पाठवून संपते आहे. तुमचे मिस्टर घरी असतील तेव्हा एका वेळचं धुणं त्यांच्याकडे. हे बायकांचंच काम असं त्या मशीनच्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही.

बेडका हिरवा-पिवळा झाला, वाढला, ताप आला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर दोन दिवस वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य पूर्ण होईना, गुंगी किंवा बरळणं सुरू झालं तर १०८ ला फोन.

पुढच्या तपासणीला जाताना मशीन आणि किट दोन्ही सोबत न्या, सासूबाईंना तिथेच एक डोस घ्यायला लावा आणि डॉक्टरांना बघू द्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा: यांना रोज मशीनचीच गरज आहे का, की पंप आणि स्पेसरवर (पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यावर) भागेल? तब्येत स्थिर असताना बऱ्याच रुग्णांना स्पेसरमधून घेतलेलं औषध मशीनइतकंच लागू पडतं आणि स्पेसरला इतकी उठाठेव लागत नाही. अधूनमधून साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा आणि तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसायचा नाही, घासल्यामुळे प्लॅस्टिकवर वीज साचते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. हात फार थरथरत असतील तर डॉक्टर कदाचित नाही म्हणतील, मग मशीनच बरं. तोवर मात्र एकही डोस आपल्या मनाने कमी करू नका. थंडी सरून उन्हं वाढली की कप लवकर वाळतील, तेवढी थंडी दोन सेटवर काढा.

– तुमची सिस्टर